झाळलेला डबा

रुक्मिणीबाईंना काहीही विचारलं की त्या "बघू" म्हणत. औषधाचं विचारा, पडद्यांचं विचारा, पाहुण्यांचं विचारा, उत्तर ठरलेलं. त्यातला कुठला "बघू" म्हणजे हो आणि कुठला म्हणजे नाही, हे इतकी वर्षं एका घरात काढल्यावर त्यांच्या सुनेला, सुहासिनीला, बरोबर कळायचं. या खेपेचा "बघू" मात्र काही केल्या उलगडत नव्हता.

प्रश्नही तसा पडद्यांचा नव्हता. झांबियातल्या एका मिशन हॉस्पिटलला बाळंतपणाच्या वॉर्डासाठी नर्स हवी होती आणि त्यांनी सुहासिनीला बोलावलं होतं. तिचा नवरा रतन तिथल्याच शाळेत गणित शिकवणार, आठ वर्षांची अनुपमा बरोबर जाणार, असं सगळं जुळून आलं होतं. कांदिवलीच्या त्यांच्या लहानशा मंडळीत दर रविवारी जगभर सुवार्ता पोचावी म्हणून प्रार्थना व्हायची. पण पोचवायला बाहेरचं कोणीतरी जाईल, अशीच सगळ्यांची सोयीस्कर समजूत होती. सुहासिनीच्या मनात मात्र ती प्रार्थना घर करून बसली होती.

अडचण एकच होती. रतन एकुलता एक. तो गेला की त्या दोन खोल्यांत आई एकटी राहणार. म्हणून सुहासिनीने मिशनला कळवून टाकलं होतं, की सासूबाई स्वतःच्या तोंडाने हो म्हणाल्या तर येऊ, नाहीतर नाही.

"आई कशाला अडवेल?" रतन म्हणाला होता.

"अडवणं वेगळं आणि पाठवणं वेगळं," ती म्हणाली. "त्यांना मागे रडत ठेवून मी तिथे जाऊन कुणाची सेवा करू, सांगा ना."

गणिताच्या मास्तरांना अशी गणितं येत नाहीत. सोमवारी मिशनला शेवटचं काय ते सांगायचं होतं, आणि शनिवार रात्रीपर्यंत रुक्मिणीबाई "बघू"वरच होत्या. सुहासिनीने मनातल्या मनात झांबियावर पाणी सोडलं. वाईट वाटलं, पण सासूवर राग काही तिला आणता आला नाही. लग्नानंतर तिला नर्सिंगचा कोर्स पुरा करता आला तो या बाईंनी तान्ह्या अनुपमेला सांभाळलं म्हणून. ते उपकार विसरून कसं चालेल?

रविवारी कापणीचा सण होता. शेत कोणाचंच नव्हतं, पण सण चुकत नसे. जो तो आपल्या घरचं काहीतरी चर्चमध्ये आणून वेदीपुढे ठेवायचा. गोराईहून कोणी नारळ आणायचं, कोणी अंडी, कोणी केक, कोणी जिवंत कोंबडी. आराधना झाली की मांडवात त्या सगळ्याचा लिलाव व्हायचा आणि आलेला पैसा मंडळीच्या कामाला जायचा. रुक्मिणीबाईंचं अर्पण ठरलेलं, काळा मसाला. नगरकडचा त्यांचा हात, ऑक्टोबरच्या उन्हात वाळवलेल्या मिरच्या आणि पुढ्यात बसून डंकावर कुटून घेतलेला माल. शेजारच्या मालवणी नलिनीकाकी चर्चच्या नव्हेत, पण त्या मसाल्यासाठी दर वर्षी लिलावाला हजर.

रुक्मिणीबाई पहाटेच वेदी सजवायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "मसाला घेऊन ये गं."

सुहासिनीने ओट्याखाली हात घातला. नेहमीची चिनी मातीची बरणी दिसली नाही, फडक्यात बांधलेला पत्र्याचा डबा दिसला. फडक्याला वास मसाल्याचा होता. यंदा डबा काढला वाटतं, असं म्हणून तिने तो उचलला आणि गाठ न सोडता चर्चमध्ये नेऊन वेदीपुढच्या उसाच्या कांड्यांशेजारी ठेवून दिला. बरणी गव्हाच्या पिंपामागे होती, हे तिला कुठून माहीत असणार? पाळकसाहेबांनी सगळ्या अर्पणांवर हात धरून प्रार्थना केली तेव्हा रुक्मिणीबाईंनी डोळे उघडून डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. सुहासिनीला वाटलं, आज आईंचं प्रार्थनेत लक्ष नाही.

लिलाव सीतारामभाऊ करायचे. मंडळीचे जुने पंच, आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. कोंबडी गेली, केक गेला, मग त्यांनी डब्याचं फडकं सोडलं. वास द्यायला म्हणून झाकण उचलायला गेले, तर ते हलेना.

"अहो, हा तर झाळलाय," ते म्हणाले. झाकणाच्या कडेने सगळीकडे डाख लावून डबा पक्का बंद केलेला होता. "रुक्मिणीबाई, कांदिवलीतल्या कांदिवलीत जायला डबा झाळलात?"

लोक हसले. नलिनीकाकी तेवढ्या हसल्या नाहीत. "माझो भाव मस्कताक गेलो तेव्हा आवशीन असोच डबो झाळून दिल्लो," त्या म्हणाल्या. "इमानात सांडू नये म्हणून."

हसणं हळूहळू थांबलं. सुहासिनीला आधी कळलं नाही. कळलं तशी ती सासूच्या बाकापाशी गेली.

"आई, तो आमच्यासाठी होता?"

"मग काय माझ्यासाठी? तिकडे कसलं मिळमिळीत खातात कोण जाणे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलायला गेले की गळा भरून यायचा," रुक्मिणीबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "रडत पाठवलेलं माणूस अर्धंच जातं. म्हटलं, डबा झाळून होऊ दे, मग धड आवाजात सांगू. आज घरी गेल्यावर सांगणार होते. तर तू डबाच उचलून आणलास."

सीतारामभाऊंची जीभ एव्हाना मऊ झाली होती. "चुकून आलाय, घेऊन जा बाई," ते म्हणाले.

"वेदीपुढे ठेवलेलं माघारी घेत नाहीत," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "दहा रुपये."

एरवी या मसाल्यावर मारामारी व्हायची. आज सीतारामभाऊंनी "एक वार" म्हटलं, "दोन वार" म्हटलं, पण मांडवातून हूं की चूं नाही. नलिनीकाकींनी तर स्वतःवर भरवसा नसल्यासारखा तोंडावर हात धरला होता. तीन वार झाले, डबा रुक्मिणीबाईंचा झाला. मंडळीचं नुकसान व्हायला नको म्हणून काकींनी मग एक साधा दुधी भोपळा भलत्याच भावाला उचलला. या माणसांचं कसं फेडायचं, असं सुहासिनीला वाटलं. फेडायचं नसतंच ते, हेही तिला तेव्हाच कळलं.

पाळकसाहेबांनी रतन, सुहासिनी आणि अनुपमेला पुढे बोलावलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, मग निघायचं, अशी त्यांच्याकडची रीत. रुक्मिणीबाईंनी मुलाच्या डोक्याला हात लावला, नातीच्या लावला, आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला तो उचलला नाही.

"देवा, तुझे उपकार मानते," त्या म्हणाल्या. आवाज धड होता. "मुलगी दिली नाहीस म्हणून मी तुझ्याशी पुष्कळ भांडले. मग ही दिलीस. माझ्या एका शब्दासाठी हिने तुला थांबवून ठेवलं, त्याबद्दल हिला रागावू नको. हिला मी पाठवते. माझ्या तोंडाने, खुशीने पाठवते. तिथल्या बायकांची बाळंतपणं हिच्या हातून सुखरूप होऊ देत. माझी काळजी करू नकोस, नलिनी आहे. फक्त एका माणसापुरता भात किती लावायचा, तेवढं मला शिकव. मला ते कधी करावं लागलं नाही."

मंडळी आमेन म्हणाली. सुहासिनीचं आमेन सगळ्यांच्या मागून आलं.