तांड्यातला हिरवा दिवा

दारव्ह्याजवळच्या तांड्यात बसून राखी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कामाला तीन तास पुरतात. पण लॅपटॉपवरचा हिरवा दिवा आठ तास टिकवावा लागतो; माउस पाच मिनिटं थांबला की तो पिवळा पडतो. या दिव्यांचा अभ्यास करायला कंपनीनं नयन नावाचा संशोधक नेमला. ज्याचा दिवा फार पिवळा, त्यानं दिवाळीनंतर पुण्यात हजर व्हायचं. राखीचा नवरा, दोन म्हशी आणि नुकतंच बांधलेलं न्हाणीघर, सगळं इथं.

नेमकी सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, आली. तांड्यात बायका एकमेकींच्या वावरात जातात, आज तुझ्या, उद्या माझ्या. मजुरीचा विषय नसतो. सुनेला घरी बसता येत नाही. तेव्हा सासूनं, जमनीनं, रीतीतूनच तोडगा काढला. राखी ज्या घरच्या वावरात जाईल, त्या घरची म्हातारी इकडे माउसवर बसेल. कंपनीचं तीन तासांचं काम राखी रात्री उरकेल.

म्हाताऱ्यांनी काम मनावर घेतलं. एक जेवायला उठायच्या आत दुसरी बसे. अकरा दिवसांत दिवा एकदाही पिवळा झाला नाही. अख्ख्या पुण्याच्या ऑफिसात एवढं कोणी हललं नव्हतं. भारावलेल्या नयननं या आदर्श कर्मचाऱ्याला भरदुपारी व्हिडिओ कॉल लावला. माउस फिरवता फिरवता तो उचलला गेला. समोर त्या दिवशीच्या पाळीची म्हातारी, सुखीबाई.

राखी मॅडम कुठे आहेत, असं त्यानं विचारलं.

"ते सोंगणीले गेली. तिच्या जागी मी आहो."

"आपण काय काम करता?"

"हे हालवून राह्यली. मंग रुपीबाई येते."

मग सुखीबाईनंच त्याची चौकशी केली. लोक घरून काम करतात की नाही ते आपण तपासतो, असं त्यानं सांगितलं.

"अन् तू कुठी बसला?"

त्याच्या मागे दोरीवर टॉवेल वाळत होता. "घरीच."

"जेवला काय?"

नव्हता. उठलं की त्याचाही दिवा पिवळा व्हायचा.

"तुह्या घरी कोणी म्हातारी नाही काय रे बाप्पा?"

संध्याकाळी हे ऐकून राखी पायरीवर विळ्यासकट बसूनच राहिली. पुढचे आठ दिवस ती पुण्यातल्या खोल्यांची भाडी विचारत होती.

मग नयनचा अहवाल आला. दिव्यावरून फक्त मनगट कळतं, काम कळत नाही. सबब दिवा काढावा. साहेबांनी लगेच मान्य केलं, कारण दिवा त्यांच्याही डोक्यावर होता. राखी तांड्यात राहिली.

म्हाताऱ्या मात्र रुसल्या. सुखीबाई तर राखीशी बोलेचना. एवढं इमानानं केलं, एकदा पिवळा होऊ देला नाही, तरी आमाले कामावरून काहून काढलं, हे तिला राखीकडून लेखी पाहिजे होतं.