एकाच अक्षराची पाच बटणं

निमोण्याच्या नथानिएल साळवे यांच्या घरात त्या आठवड्यात 'आर' या अक्षराशिवाय दुसरं काही चालतच नव्हतं! कणीक मळली जायची 'आर'वर, वेणी घातली जायची 'आर'वर, शेळीला पाला टाकला जायचा तोही 'आर'वरच. आणि या सगळ्याला कारण एकच, त्यांची नववीतली मुलगी कृपा.

कृपाच्या शाळेत दर शनिवारी एका इंग्रजी अक्षराचा सामना रंगतो. मुलं दोन रांगा करून समोरासमोर उभी राहतात, सर त्या अक्षराचा एकेक शब्द टाकतात, आणि ज्याला मराठी अर्थ झटकन सांगता येत नाही तो खाली बसतो. शेवटी जो उभा राहील त्याच्या नावापुढे फळ्यावर तारा! 'एन'चा तारा कृपाचा. 'ओ'ला बिचारीला ताप होता. 'पी'चा पुन्हा तिचाच. 'क्यू'ला शब्दच मूठभर, म्हणून सरांनी तो सोडून दिला. आता पाळी होती 'आर'ची.

"रिव्हेंज म्हणजे सूड! रीजन म्हणजे कारण! रिलक्टंट म्हणजे अनिच्छुक! रिलेव्हन्स म्हणजे प्रासंगिकता!"

"अगं, हळू! शेळी दूध आटवंल," तिची मम्मी क्रिस्टीना म्हणायची.

या सगळ्या कोलाहलात एक माणूस मात्र कान देऊन ऐकत होतं. ती कृपाची आत्या, दयाबाई. वाचकहो, तिची गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण घरात ती कुणालाच माहीत नव्हती.

दयाबाई चौथी शिकलेली. शिरूरजवळच्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनतात, तिथं ती तीन वर्षं पॅकिंगला होती. कुठल्या रंगाची झाकणं कुठल्या खोक्यात भरायची ते खोक्यावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं. दयाबाईनं युक्ती काढली होती. अख्खा शब्द कशाला वाचायचा? पहिलं अक्षर बघायचं! 'डब्ल्यू' दिसलं की पांढरी, 'जी' दिसलं की हिरवी, 'वाय' दिसलं की पिवळी. तीन वर्षांत एक खोकं चुकलं नाही! तिची सफाई बघून तिला पॅकिंगवरून थेट मशीनवर घेतलं. केवढा मान!

पण मशीनसमोर उभी राहिली आणि तिची युक्तीच फसली. समोर पाच बटणं, आणि पाचही बटणांवर पहिलं अक्षर 'आर'! रन, रीसेट, रिव्हर्स, रिजेक्ट, रिलीज. दाखवणाऱ्यानं भराभर दाखवलं, "समजलं ना ताई?" असं विचारलं, आणि सगळे मान हलवतात तशी तिनंही हलवली. मंगळवारी मशीन मध्येच थांबलं. रीसेट दाबायचं होतं, तिनं रिजेक्ट दाबलं. टबभर चांगली झाकणं धो धो करत भंगाराच्या पिंपात!

"आपोआप झालं, मॅडम," ती घाबरून म्हणाली.

सुपरवायझर रश्मी मॅडम वयानं लहान, पण कामाला कडक. "शनिवारी मी स्वतः शेजारी उभी राहून बघणार आहे. जमलं तर मशीन तुमचं. नाहीतर एक तारखेपासून दुसरं माणूस."

पॅकिंगची जागा तर केव्हाच भरली होती. म्हणजे जमलं नाही, तर घरी!

गुरुवारी संध्याकाळी साळव्यांकडे घरप्रार्थना होती. प्रार्थना झाली, चहा आला, गप्पा सुरू झाल्या. दयाबाईनं कपांचा ट्रे फिरवता फिरवता कृपापाशी वाकून हळूच विचारलं, "कृपे, तुझ्या त्या वहीत रीसेट हाय का गं? त्याचा अर्थ काय?"

आणि कृपा? कृपा भर बैठकीत खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं आत्या! रीसेट पण माहीत नाही? पाचवीतली पोरं सांगतील! पुनर्स्थापित करणे!"

सगळे हसले. "हुशार हाय बरं का पोरगी, डिक्शनरीच हाय," कुणीतरी म्हणालं. कृपाची मान ताठ झाली. आत्याही हसली, पण ट्रे घेऊन आत गेली ती परत बाहेर आलीच नाही.

अंगणात टाकीपाशी शेजारचे कोंडिबा आबा मोटरचा बिघडलेला स्टार्टर उघडून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पाहुणे गेल्यावर त्यांनी हाक मारली, "ए डिक्शनरी! ये, जरा बॅटरी धर."

कृपा उड्या मारतच गेली.

"काय म्हनलीस मगाशी? रीसेट म्हंजी काय?"

"पुनर्स्थापित करणे, आबा!"

"आन् ते म्हंजी काय?"

"म्हणजे... पुन्हा... म्हणजे रीसेट करणे!"

आबा हसले नाहीत. त्यांनी स्क्रू डब्यात टाकला आणि म्हणाले, "म्हंजी तुला बी येत न्हाई की!"

"आबा, पाठ आहे माझं! गाईडमध्ये तसंच आहे!"

"पाठ हाय. येत न्हाई. इंग्रजी कुलूप उघडाया मराठी कुलूप लावलंस तू. चावी कुठं हाय?"

आबा पुढं म्हणाले, "मी पाटसला साखर कारखान्यात लागलो तवा मला व्हाल्व बी ठाऊक न्हवता. फिटरनं काय बी मागितलं की व्हय व्हय म्हनायचो, पळत जायचो आन् भलतंच घिऊन यायचो. एक दिवस ठरवलं, आता इचारायचंच. गास्केट म्हंजी काय? कपलिंग म्हंजी काय? मग काय, नावच पाडलं माझं, म्हंजीकाय! ज्येवायच्या सुट्टीत बी वरडायचे, 'ओ म्हंजीकाय, डबा घ्या!'"

कृपा खुदकन हसली.

"हास. पर रिटायर झालो तवा मी हेडफिटर हुतो, आन् हसनारे माझ्या हाताखाली! मी निगरगट, म्हनून टिकलो. पोरी, सगळी तशी नसत्यात. इचारनाऱ्याला हसलं की त्यो इचारायचं सोडतो. चुकायचं न्हाई सोडत! तुझी आत्या आज पहिल्यांदा इचारत हुती. कशापायी इचारत हुती, ते तू इचारलंस का?"

नाही! नव्हतंच विचारलं! कृपाच्या हातातली बॅटरी खाली गेली.

ती स्वयंपाकघरात गेली. आत्या धुतलेलेच कप पुन्हा धूत होती.

"आत्या, सॉरी. तुला रीसेट कशाला हवं होतं?"

"काय न्हाई गं. असंच."

"असंच नाही. सांग ना."

आत्यानं हात पुसले, मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. पाच बटणं. मग मंगळवारचं पिंप सांगितलं, शनिवारची परीक्षा सांगितली. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. "कुणाला इचारू? तिथं इचारलं तर म्हनतील, अडाण्याला मशीनवर बसवलं. आन् घरात इचारलं तर..."

तिनं पुन्हा कप हातात घेतला. कृपाला वाटलं, दोन तारे मिळवले, पण घरातलं माणूस आपल्याला अर्थ विचारायला भितंय! कसली आपण डिक्शनरी!

"चल," ती आत्याचा हात धरून म्हणाली. "आबा अजून आहेत अंगणात."

त्या दिवशी साळव्यांच्या अंगणात जी शाळा भरली तशी शाळा तालुक्यात कुठंच भरली नसेल! आबांनी दुरुस्त झालेला स्टार्टर चालू करून मुद्दाम ट्रिप केला, म्हणजे पाडला. मोटर बंद. "दाब ते लाल बटन, दयाबाई. आता हिरवं." मोटर गुरगुरली, टाकीत पाणी पडायला लागलं.

"पडलेलं परत जागेवर बसवलं की न्हाई? झालं तुझं रीसेट!"

"एवढंच व्हय?" आत्याचे डोळे मोठे झाले.

पप्पांनी पिकअप मागं घेऊन दाखवली, ते रिव्हर्स. मम्मीनं कुकरची शिट्टी उचलून वाफ सोडली, ते रिलीज. मशीनमध्ये वाफेऐवजी साचा सुटतो, एवढाच फरक. रन तर चालूच. रिजेक्टला कृपा अडली. 'नाकारणे' म्हणून कुणाला कळणार? मग तिला ओसरीवरचा कांद्याचा ढीग दिसला.

"आत्या, कांदा निवडताना सडका निघाला की काय करतेस?"

"बाजूला फेकते."

"तेच रिजेक्ट!"

"अगं बाई!" आत्यानं कपाळावर हात मारला. "म्हंजी मंगळवारी मी समदा चांगला कांदा उकिरड्यावर वतला!"

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आणि आत्याही हसली, या वेळी खरंखुरं.

मग तिनं फोटो मोठा करून बघितला. "पहिलं अक्षर समद्यांचं सारखं. चौघांचं दुसरं बी सारखं. तिसरं मात्र येगळं हाय. मी तिसरं बघीन!" युक्ती तिची तिनंच काढली, कुणी शिकवली नाही!

शुक्रवारी उजळणी झाली. कृपा पाठ म्हणत होती आणि आत्या भाकरी थापता थापता तिलाच विचारत होती, "अनिच्छुक म्हंजी कसं गं? तू भांडी घासाया उठतीस तवा असतीस तसं?"

"आत्या!"

"मग बराबर सांगितलं का न्हाई?"

बरोबरच होतं. अगदी शंभर टक्के!

शनिवार उजाडला. शाळेत एकेक जण खाली बसत गेला आणि शेवटी उरल्या दोघी, कृपा आणि समृद्धी. सर म्हणाले, "रिलेव्हन्स."

"प्रासंगिकता!" कृपा क्षणात म्हणाली. टाळ्या पडल्या. सर खडू घेऊन फळ्याकडे वळले. आणि तेव्हा कृपाला राहवलं नाही.

"सर, एक मिनिट. प्रासंगिकता म्हणजे काय ते मला माहीत नाही. नुसतं पाठ आहे."

वर्ग फिदीफिदी हसला. सर थबकले. मग म्हणाले, "कृपा, तारा जाईल हं."

"जाऊ दे सर. पण सांगा ना."

सरांनी खडू खाली ठेवला. थोडा विचार केला. "दशक्रियेला गेलीस आणि तिथं नवरदेवाच्या घोड्याची चौकशी केलीस, तर ती चौकशी प्रासंगिक नाही. आलं लक्षात?"

आता वर्ग पोट धरून हसला, पण हे हसणं वेगळं होतं! शेवटच्या बाकावरून स्वराजनं हात वर केला. तो वर्षभरात कधी बोलला नव्हता. "सर, मग सूड म्हणजे बदलाच ना? मला वाटायचं ते भाजीचं नाव आहे." त्यानंतर चार हात वर झाले, मग दहा. तास संपला तरी हात खाली येईनात! तारा समृद्धीला मिळाला. कृपानं तिला कडकडून मिठी मारली आणि घरी पळाली, कारण तिचा खरा निकाल शाळेत लागणारच नव्हता.

पाच वाजता कारखान्याची बस फाट्यावर थांबली. आत्या उतरली. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"काय झालं? सांग ना! जमलं?"

"पाचही बराबर दाबली."

"मग?"

"मग मशीनवर लाल दिवा लागला. सहावाच शब्द! तो बी आरचा. माझा हात बटनावर गेलता, पर थांबवला. मॅडमला म्हनलं, हा शब्द मला येत न्हाई, ह्याचा अर्थ सांगा. शेजारच्या दोघी फिसकन हसल्या. मी म्हनलं, हसा. आन् मॅडम, मंगळवारी आपोआप झालं न्हवतं, मी चुकीचं बटन दाबलं हुतं. मला इचारायची लाज वाटली."

"अगं! हे कशाला सांगितलंस?" कृपाचा जीव वरखाली झाला.

"खरं हुतं म्हनून. मॅडमनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हनल्या, दयाताई, ते रीफिल. प्लास्टिकचे दाणे संपत आलेत, भरा. मी भरले. मग म्हनल्या, सहा महिन्यांत मला अर्थ इचारनाऱ्या तुमीच पहिल्या. बाकीचे अंदाजानं दाबतात आन् माझं पिंप भरतं." आत्यानं दम घेतला आणि मग तिला हसू आवरेना. "मशीन माझं झालं, कृपे! आन् सोमवारी समद्या बटनांखाली मराठी चिठ्ठ्या लावायच्या हायत. कुठला शब्द लिहायचा ते म्हनल्या तुमी ठरवा. मी! चौथी शिकल्याली!"

रस्त्यातच कृपा नाचली. फाट्यावरचे लोक बघत राहिले, बघू देत!

रविवारी चर्चहून आल्यावर दोघी चिठ्ठ्या करायला बसल्या. कृपाचं अक्षर, आत्याचे शब्द. 'चालू'. 'परत बसव'. 'मागं घे'. 'बाजूला काढ'. 'साचा सोड'. त्यात एकही शब्द असा नव्हता, ज्याचा अर्थ कुणाला पुन्हा विचारावा लागेल.

तर मंडळी, तुमच्याही घरात, कचेरीत, बँकेच्या रांगेत कुणीतरी मान हलवत असेल आणि आतून घाबरलेलं असेल. त्यानं धीर करून विचारलं, तर कृपा करून हसू नका! आणि सांगताना एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द ठेवू नका. त्याच्या रोजच्या कामातलं उदाहरण द्या. न येणं ही लाजेची गोष्ट नाही. येत नसताना मान हलवणं धोक्याचं, आणि विचारणाऱ्याला हसणं हे तर त्याहून वाईट. ज्ञान पाठ करून आपलं होत नाही, ते दुसऱ्याच्या हातात नीट पोचलं की मगच आपलं होतं!