मलमाचा दांडा

फिटरनं कारखाना सोडला, पण हातांची खाज काही सुटली नाही. पाठीवर मधोमध एक जागा असते, तिथं आपला हात खालूनही पोचत नाही आणि वरूनही. तिथं मलम लावायला त्यानं दांडा केला होता. वाकवलेली पितळी नळी, टोकाला फिरता रबरी गोळा. बायको दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेली ती तिकडचीच झाली. कुणी विचारलं की हा सांगे, "येईल की पुढच्या महिन्यात!"

जुन्या फोरमनचं आता स्वतःचं वर्कशॉप होतं. दांडा बघून तो म्हणाला, "असे शंभर काढू. पण आधी चार घरी विचारून ये. तुला आवडलं म्हणून लोक घेत नसतात."

फिटर दारोदार हिंडला. उत्तर एकच. "आम्हाला कशाला? घरात माणसं आहेत की!" खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई तर म्हणाली, "माझी सून चोळून देते हो, भाऊ." सून वेगळी राहायला गेली, तेव्हा तिचं कपाट उतरवायला यानंच हात लावला होता. तरी बाई म्हणाली, "आणलाच आहे तर राहू दे दोन दिवस." परत मिळाला तेव्हा गोळा लख्ख धुतलेला होता, पण मलमाचा वास गेला नव्हता.

"म्हणजे कुणालाच नको," फोरमन म्हणाला. "सोड नाद."

"निम्मे थापा मारतायत."

"तुला काय ठाऊक?"

उत्तर अगदी जिभेवर होतं. घरी कुणी नाही हे माणूस दारात उभं राहून सांगत नाही. मी तरी कुठं सांगतो? एवढं बोलला असता तर शंभर दांडे निघाले असते. पण त्यासाठी ही येणार नाही हे कबूल करायला हवं होतं, तेही लेथच्या आवाजावर ओरडून.

"अंदाज आपला."

"अंदाजावर पितळ कापू?"

परतताना तो शिंपीणबाईच्या दारात थांबला. "ताई, हा तुमच्याकडेच राहू द्या. सुनेला कधी वेळ नसतो."

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला? ही आली ना सकाळी."

बाईनं दांडा घेतला. "बरं झालं हो! चहा टाकत होते, तुम्हालाही बसा म्हणणार होते. पण आता नाही थांबवत. वाट बघत असतील."

"हो ना," फिटर म्हणाला आणि जिना चढू लागला.