चौथीचे मेणाचे पुतळे

"हलू नकोस रे, तू मेलेला आहेस!" शिक्षिका लोर्ना बास्किन ओरडल्या, आणि खाणमालक झालेल्या केलेबनं खोट्या मिशीखालचं हसू कसंबसं गिळलं.

चौथीचं दरवर्षीचं प्रदर्शन होतं. गावच्या इतिहासातली माणसं होऊन मुलं जिममध्ये मेणाच्या पुतळ्यांसारखी उभी राहायची. हातावर चिकटवलेलं लाल कागदी बटण दाबलं की पुतळा बोलू लागायचा. नियम एकच, जुन्या पत्रांत नि कोर्टाच्या कागदांत आहे तेवढंच बोलायचं. लोर्नाबाईंचं हे सत्ताविसावं वर्ष. या कोळशाच्या गावातल्या निम्म्या आईबापांनी त्यांच्याच हाताखाली पुतळे होऊन घाम गाळला होता.

यंदाचे पुतळे होते शंभर वर्षांपूर्वीच्या खाणसंपातले. त्या संपाच्या धड्यावर शाळा मंडळाकडे दोन तक्रारी गेल्या होत्या. टायरचं दुकान चालवणारे ड्वेन स्कॉगिन्स म्हणत, बाई पोरांना मालकांचा द्वेष शिकवतात. युनियनमधली नर्स रोनेट प्रूइट म्हणे, बाई मालकांचे गोडवे गातात. दोघांनीही बोट ठेवलं होतं ते एकाच पानावर! शाळा मंडळाच्या लँडिसबाई आज स्वतः आल्या होत्या. त्यांना पटलं नाही, तर धडा बंद. मग वरून छापून येईल तेवढंच वाचून दाखवायचं.

त्यात पात्रं ठरली होती कॉफीच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलून. रोनेटचा केलेब निघाला मालक होरेस विक्लिफ, आणि ड्वेनची जोली संपकऱ्याची बायको, डीलिया फार्ली. "बदलून टाका की," मुख्याध्यापक म्हणाले होते. "डबा म्हणजे डबा," असं बाई ठसक्यात बोलून गेल्या आणि मग आठवडाभर स्वतःलाच शिव्या घालत राहिल्या.

जिमच्या दारातच रोनेट आणि ड्वेन समोरासमोर आले.

"काय ड्वेन, दुकान टाकून आलास? मालक किती नि मजूर किती, मोजायला?"

"तू मोज. मी ताळा करतो," मांस भरलेल्या पावाचा, पेपरोनी रोलचा घास चावत ड्वेन म्हणाले.

रोनेटनं मुलाचं बटण दाबलं.

"मी होरेस विक्लिफ. ही शाळा मी बांधली, दवाखाना मी बांधला. आणि संपावरच्या सदतीस कुटुंबांना जानेवारीत कंपनीच्या घरांतून काढून तंबूत राहायला लावलं, तेही मीच."

"लाज नाही वाटली?" रोनेटच्या तोंडून निघून गेलं.

केलेब गोंधळला. "पत्रात तसं नाहीये, मॉम. झोप लागत नाही, एवढंच लिहिलंय." मिशी निसटली, ती त्यानं परत दाबली, आणि रोनेट खो खो हसत सुटली.

पलीकडे लँडिसबाईंनी लोर्नाबाईंना गाठलं. "खरं सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"माझे आजोबा मालकाचे पहारेकरी, आजी संपकऱ्यांच्या तंबूतली. मी कुणाची बाजू घेऊ? जेवण मिळालं नसतं घरात!"

लँडिसबाईंना हसू आवरेना. "धडा राहू द्या तुमचा. पण पुढच्या वर्षी माझा नातू येतोय. त्याला मालक नका करू, घरात तोच मालक आहे."

"डब्यातून येईल ते," बाई म्हणाल्या. सत्तावीस वर्षांचा हुरूप एकदम अंगात आला. नाचावंसं वाटलं त्यांना.

तेवढ्यात त्यांची नजर जोलीकडे गेली. ड्वेननी नुकतंच लेकीचं बटण दाबलं होतं.

"मी डीलिया फार्ली. नवऱ्यानं पहारेकऱ्यावर गोळी झाडली. मी बंदूक पिठात लपवली आणि कोर्टात खोटं बोलले. म्हातारपणी बहिणीला पत्रात तसं कबूल केलं. माझ्या धाकटीला तंबूत न्यूमोनिया झाला. तिला विक्लिफसाहेबांच्याच दवाखान्यात नेलं. त्यांनी घेतलं. पण ती वाचली नाही. तिचं नाव रूथ."

ड्वेन वळले आणि जोलीचं बटण दाबायला थांबलेल्या रांगेच्या शेवटी, बालवाडीच्या पोरांमागे जाऊन उभे राहिले.

"अरे, ऐकलंस ना एकदा?" रोनेटनं टोकलं.

"गप गं. रांगेत आहे मी."

रांग हळूहळू सरकली. पाळी आली तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, आणि मगच बटण दाबलं.