समोरची नळी

सध्या माझं गरगरणं थांबलं आहे, म्हणून बोलायला सवड मिळाली. मी म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेतला सेंट्रिफ्यूज. जन्माने जर्मन, पण हाडामासाने आता इथलाच. पोटात ठेवलेल्या नळ्या जोरात फिरवायच्या, म्हणजे जड ते तळाशी बसतं आणि हलकं ते वर राहतं, हे माझं काम. माणसांचंही असं करता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढी माझी ऐपत नाही.

माझी अट एकच. नळी एकटी ठेवायची नाही. तिच्या बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी, नाहीतर मी थडथडून टेबल डोक्यावर घेतो. ज्याच्याकडे एकच नळी असेल, तो दुसरीत पाणी भरतो.

सिरी हेगडेकडे नेहमी एकच नळी असायची. ही शिरसीकडची मुलगी, बोलताना 'माराया', म्हणजे आपलं 'बाबा रे', म्हटल्याशिवाय तिचं वाक्य संपत नसे. नंजनगूडच्या रसबाळे केळीवर तिची पीएचडी चालली होती. रोगाने बागाच्या बागा बसल्या, पण एका शेतात एकच झाड उभं राहिलं. त्याच्या मुळांतलं एक प्रथिन त्या रोगाला मारतं, असं तिचं म्हणणं. वसुंधरा मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, त्यांना ते पटत नव्हतं.

शेजारच्या टेबलावर रेशीमकिड्यांवर काम करणारा मधुचंद्र. आईबापांनी हौसेने नाव ठेवलं, आणि कन्नडमध्येही त्याचा अर्थ तुमच्या मराठीतलाच. त्यामुळे कुणी हाक मारली की बिचारा आधी लाजायचा, मग ओ द्यायचा. सिरी मात्र त्याला नुसतं मधू म्हणे.

"मधू, माझ्या समोर कोण आहे आज?"

"पाणी भरून ठेवलंय. वजनही केलंय."

"तुझ्या पाण्यावर माझी पीएचडी चाललीय, माराया."

त्यांचं प्रेम ते एवढंच. तो रोज सकाळी तिच्यासाठी पाण्याची नळी तोलून ठेवायचा, आणि मी त्या दोघींना समोरासमोर घेऊन फिरताना मनातल्या मनात मंगलाष्टकं म्हणायचो.

मग ते झाड कोसळलं. त्याच्या बुंध्याशी फुटलेलं एक पिल्लू सिरीने कुंडीत लावलं, पण ते मोठं व्हायला पुष्कळ अवकाश होता. हाताशी उरली प्रथिनाची शेवटची नळी. मॅडमनी बजावलं, "दसऱ्यानंतर मला ते रोगाला मारताना दाखव. नाहीतर विषय बदल."

आयुधपूजेचा दिवस आला, म्हणजे तुमची खंडेनवमी. पूजा झाली की यंत्र चालवत नाहीत. म्हणून सिरीने सकाळीच ती नळी माझ्याकडून शेवटची फिरवून घेतली आणि बर्फ आणायला गेली. मधू मला पूजेसाठी पुसायला लागला. त्याने दोन्ही नळ्या बाहेर काढल्या, त्यांच्यावरूनही स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि टोपणावरची नावाची शाई साफ निघून गेली.

ते प्रथिन आधीच इतकं स्वच्छ केलेलं, की दोन्ही नळ्यांत पाणीच वाटावं. मॅडम बाहेरून हाका मारत होत्या. आपलं पाणी आपल्याला हातात घेताच कळतं, असा त्याला भरवसा होता. रोज भरत होता ना! त्याने एक नळी बेसिनमध्ये ओतली.

फेस आला.

पाण्याला फेस येत नाही, प्रथिनाला येतो. मधूने झटकन नळी सरळ केली, पण ती रिकामी झाली होती. तेवढ्यात नव्या साडीत, बर्फाचा डबा घेऊन सिरी आली.

"हीच ना माझी?" उरलेली नळी उचलत तिने विचारलं.

"हूं," तो म्हणाला.

माझा संताप झाला, पण मी बंद होतो. बंद यंत्राला थडथडताही येत नाही. गप्प राहिला असता तर मधूवर कुणाचा संशयही गेला नसता. परवा त्या पाण्याने कुठलाच रोग मेला नसता, आणि आपलं प्रथिन खोटंच होतं असं समजून पोरीने इतक्या वर्षांचं काम सोडून दिलं असतं.

पूजा सुरू झाली. मॅडमनी माझ्या झाकणावर कुंकवाचा पट्टा ओढला, माळ घातली, सगळ्यांना चुरमुरे वाटले. मधूच्या हातातले चुरमुरे हातातच भिजले.

"सिरी, परवा काही दिसलं नाही तर हट्ट करायचा नाही हं," मॅडम म्हणाल्या.

"दिसेल मॅडम. नाहीच दिसलं तर माझंच चुकलं म्हणेन."

"त्या बर्फातल्या नळीत पाणी आहे," मधू म्हणाला. "तुझी नळी मी ओतली. फेस बघून कळलं. मघाशी हूं म्हणालो ते खोटं होतं."

सिरीने हातातले चुरमुरे हळूच खाली ठेवले. "ओतलंस त्याचं काही नाही, मधू. हूं म्हणालास." आणि ती निघून गेली. जाताना मारायाही म्हणाली नाही.

चूक तिची नव्हती, म्हणून मॅडमनी कुंडीतलं पिल्लू वाढेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर सिरी आपलं पाणी आपणच भरू लागली. मधू खाली मान घालून किडे सांभाळत राहिला. माझ्या फिरत्या आसाची कुरकुर वाढली आणि मला काढून नवं यंत्र आणायचं ठरलं.

नवं यंत्र खोक्यातच होतं, तेव्हा एका सकाळी सिरी नवी नळी घेऊन माझ्यापाशी आली. पिल्लाने मुळं धरली होती.

"मधू, समोर ठेवायला काही आहे?"

तो धडपडत उठला. "पाणी भरतो."

"पाणी नको. पाण्याचं काय जातंय? तुझं काहीतरी ठेव. सांडलं तर तुझंही जाईल असं."

मग त्याने फ्रिज उघडला आणि आपल्या रेशीमकिड्यांच्या नमुन्याची नळी आणली. त्याचीही एकच होती. थेंब घाल, थेंब काढ करत त्याने वजन जुळवलं. या खेपेला टोपणावर नावं शाईने लिहिली नाहीत, सिरीने ती सुईने कोरली.

घाबरलो तो मी. या कुरकुरत्या आसावर दोघांचं सगळं फिरणार होतं. सुरुवातीला थडथडलो, तेव्हा दोघांनीही माझ्या झाकणावर हात ठेवले, आणि कुणीच काढला नाही. मग मी स्थिर झालो.

पुढे एका संध्याकाळी बाहेरून मॅडमचा आवाज आला, "रोगाला मारतंय की गं!"

आता मी कोपऱ्यात आहे. भंगारवाला येईल. माझी काही तक्रार नाही, फक्त झाकणावर त्या पूजेचं कुंकू अजून आहे, ते पुसू नका. स्पिरिटने तर मुळीच नको.