ट्वीटर उडालाय

पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर उभी हयात काढलेल्या त्या माणसाला सगळे ठोक्या म्हणत. पण ते नाव त्याला कारखान्यानं दिलेलं नव्हतं. तरुणपणी तो एका रॉक बँडमध्ये ड्रम आणि झांजा बडवायचा, तेव्हाचं ते नाव. बँड कधीच मोडला, ड्रम गेले, डोक्यावरचे केस गेले, नाव तेवढं राहिलं. गिटारवर असायचा खुंट्या. वाजवण्यापेक्षा गिटारच्या खुंट्या पिळण्यातच त्याचा जास्त वेळ जायचा. पुढं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवायचा धंदा धरला. दोघांची मैत्री मात्र टिकून होती. एकमेकांच्या लग्नांत ते नाचले होते, एकमेकांच्या बापांना खांदा दिला होता.

यंदा ठोक्याच्या बायकोनं तळघरातले शिवणाचे क्लास बंद केले. गुडघ्यांना जिना सोसेना म्हणाली. मशिनी गेल्या आणि खाली एक लांबरुंद रिकामी खोली उरली. तिथं स्पीकर लावायचे, आपली जुनी गाणी स्टेजवर वाजायची तशी छातीवर आदळतील इतक्या मोठ्यानं लावायची, असं ठोक्यानं ठरवलं. बायको म्हणाली, "घाला काय गोंधळ घालायचा तो. तुमचं तुम्ही खाली, आमचं आम्ही वर."

नवे स्पीकर परवडण्यातले नव्हते. जुने घ्यायचे तर पारखून घ्यायला हवेत, आणि त्या बाबतीत ठोक्या कुणाच्या बापाला ऐकत नसे. पेटीमागं छापलेल्या वॅटच्या आकड्याला तो भुलणारा नव्हता. त्याला हवा होता मोठा वूफर, म्हणजे जाड आवाजांचा खालचा स्पीकर, जाड फळीची जड पेटी आणि थोडक्या ताकदीवर मोठा आवाज काढणारा स्पीकर. वूफरच्या कडेची रबरी पट्टी नखानं दाबून बघायची, कुजली असेल तर तिचा भुगा होतो. पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच आत ढकलायचा, घासल्यासारखं हाताला लागलं तर आतली कॉइल वाकडी. नाक लावून वास घ्यायचा, जळका वास आला तर रामराम. आणि शेवटी आपली ओळखीची गाणी लावून कान द्यायचा.

पहिल्यांदा तो खुंट्याकडेच गेला. खुंट्या आता मुलाकडं राहायला जाणार होता, मुलाची जागा लहान, त्यामुळं त्याला त्याचे कमरेएवढे स्पीकर काढून टाकायचे होते. त्यानं ते आपल्या हातानं रंगवलेले, पुसलेले, वर कापड घातलेले. ठोक्यानं पट्ट्या दाबल्या, पडदे ढकलले, वास घेतला. सगळं झकास. खुंट्यानं गाणं लावलं. ठोक्या भिंतीला टेकून ऐकत राहिला आणि त्याच्या कपाळावर आठी चढली.

"काय रे?" खुंट्यानं विचारलं.

"ट्वीटर उडालाय." ट्वीटर म्हणजे वरचा छोटा स्पीकर, बारीक आवाजांचा. "झांजा कुठायत? वर गोधडी टाकल्यासारखं वाजतंय."

"गोधडी? अरे, चांगल्या लखलखीत वाजतायत झांजा."

"कुठल्या बाजूचा उडालाय?" ठोक्यानं उलट विचारलं.

"कुठल्याच नाही."

"मग दोन्ही उडालेत."

खुंट्या हसला. त्याला वाटलं, घासाघीस चालली आहे. "भाव कमी करायचा तर तसं सांग ना लेका. तुझ्यासाठी करतो."

इथं ठोक्याचं डोकं फिरलं. तरुणपणभर झांजा वाजवलेल्या माणसाला हा झांजा शिकवतो, आणि वर दयाही दाखवतो. तो म्हणाला, "जळलेला माल मित्राच्या गळ्यात मारायला तुला लाज कशी वाटत नाही?"

खुंट्यानं गाणं बंद केलं, स्पीकरवर पुन्हा कापड घातलं आणि दार उघडून उभा राहिला. ठोक्या निघाला. पण तेवढ्यावर गप्प बसला असता तर तो ठोक्या कसला. जुन्या ओळखीतल्या ज्यानं ज्यानं स्पीकरचा विषय काढला, त्याला त्यानं बजावलं, "खुंट्याचे तेवढे घेऊ नका. जळलेत. वरून पॉलिश मारून विकतोय."

मग तो एका बंद होणाऱ्या बारमध्ये गेला. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आणि बारचा मालक स्वतः शिडीवर चढून भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या उचकटत होता. स्पीकर दणदणीत होते, पण झांजा तिथंही नव्हत्या. "तुमच्या गिऱ्हाइकांनी वाट लावलीय यांची," ठोक्या म्हणाला. मालक शिडीवरूनच म्हणाला, "असेल बुवा. मला तर कधी जाणवलं नाही," आणि पुन्हा पट्टीकडं वळला.

तिसऱ्या ठिकाणी त्याची मुलगी बरोबर आली. गाडी तीच चालवत होती. एका नाचाच्या शिक्षिकेला हॉलमधले जुने स्पीकर विकायचे होते. समोरची अख्खी भिंत आरशांची, लाकडी जमीन, कोपऱ्यात दोन काळ्या पेट्या. शिक्षिकेनं आवाज वाढवला. मुलीनं लगेच खांदे आखडले. ठोक्यानं नेहमीप्रमाणं कान दिला, मान हलवली आणि म्हणाला, "ट्वीटर उडालाय."

शिक्षिका गोंधळली. "अहो, उलट जरा जास्तच टोचतात म्हणून मी विकतेय."

"बाबा," मुलगी म्हणाली, "माझ्या कानठळ्या बसल्या. केवढ्या झणझणतायत त्या थाळ्या."

ठोक्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग शिक्षिकेनं एक गोष्ट केली. एका पेटीची वायर काढली आणि उरलेल्या पेटीच्या ट्वीटरवर घडी घातलेला टॉवेल दाबून धरला. "आता गेला आवाज," मुलगी म्हणाली. टॉवेल काढला. "आता आला." ठोक्याला काहीच फरक कळला नाही. त्यानं मुलीला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, तिला दिसणार नाही असं. शिक्षिका टॉवेल लावी, काढी, आणि मुलगी दर वेळी बरोबर सांगे. मग मुलगी म्हणाली, "आता तुम्ही उभे राहा." तो उभा राहिला. आरशात दिसू नये म्हणून डोळेही मिटले. त्यानं काहीतरी सांगायचं म्हणून आला, गेला, आला असं सांगितलं. डोळे उघडले तेव्हा शिक्षिका टॉवेल हातात घेऊन केव्हाचीच बाजूला उभी होती आणि मुलगी जमिनीकडं बघत होती.

परतताना गाडीत त्यानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

मुलगी रस्त्याकडं बघत म्हणाली, "थोडंफार. घरात सगळ्यांनाच माहीत आहे बाबा."

"आणि मला?"

"तुम्ही चिडता."

घरी बायको भाजी निवडत बसली होती. ठोक्या तिच्यासमोर बसला. मुलीनं सगळं सांगितलं. बायकोचा हात थांबला नाही.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"सांगितलं की. एकदा सोडून चारदा सांगितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही." तिनं हे थट्टेनं म्हटलं नव्हतं. "प्रेसवर कानाला काहीतरी लावत जा म्हणून तर घसा कोरडा केला मी. तुम्ही म्हणायचात, ते बायकी लोक लावतात."

ते खरं होतं. कारखान्यात फोरमन कानात बोळे घालणाऱ्यांची टर उडवायचा आणि ठोक्या सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. वर्षातून एकदा डॉक्टर यायचा, विचारायचा, "ऐकू येतं ना?" ज्याला तो प्रश्न ऐकू आला तो पास. ठोक्या डॉक्टरच्या ओठांकडं बघून हो म्हणायचा. आपण ओठांकडं बघतो, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"तरी पुन्हा सांगायचं होतंस," तो म्हणाला.

बायकोनं आता हातातली जुडी खाली ठेवली. त्याला ओठ नीट दिसावेत अशी त्याच्याकडं तोंड करून ती सावकाश बोलली. "खरं सांगू? नंतर मला ते सोयीचं वाटायला लागलं. लग्न झाल्यापासून तुमच्या घरात मी ओठ शिवून राहिले. एक शब्द जास्त गेला की तुम्ही ताट सरकवायचात. मग तुमचे कान मंद झाले. मी तुमच्या पाठीमागं उभी राहून मनातलं बोलायला लागले. तुम्ही पेपर वाचत असायचात आणि मी बोलत असायचे. मोकळं वाटायचं."

"काय बोलायचीस?"

"ते मी पुन्हा नाही बोलणार," ती म्हणाली आणि जुडी उचलली.

मुलगी आतल्या खोलीत निघून गेली. तीही ते ऐकत मोठी झाली होती, हे ठोक्याला तिच्या पाठीकडं बघताना कळलं.

कानाच्या डॉक्टरनं मशिनीनं तपासलं आणि सांगितलं, बारीक आवाज गेले ते गेले. कानात यंत्र लावलं तर बोलणं समजायला मदत होईल. झांजा पूर्वीसारख्या ऐकू यायच्या नाहीत.

ठोक्या दुसऱ्या दिवशी खुंट्याकडं गेला. वाटेत त्यानं शब्द जुळवले होते. खुंट्याच्या घरात सामान बांधलेलं होतं, भिंती उघड्या पडल्या होत्या. स्पीकर नव्हते.

"माझं चुकलं," ठोक्या म्हणाला. "स्पीकर चांगलेच असणार. माझे कान गेलेत."

"कळलं मला," खुंट्या म्हणाला. गावात अशा गोष्टी लपत नाहीत.

"कुणी नेले?"

"भंगारवाल्यानं. कुणी बघायलाही आलं नाही रे. जो तो म्हणायचा, ते जळके ना? घर रिकामं करायची वेळ आली. त्यानं इथंच अंगणात फळ्या उचकटल्या. मी आत जाऊन बसलो."

"मी सगळ्यांना जाऊन सांगतो, खोटं होतं म्हणून."

"आता काय सांगणार? तेव्हा तू सांगितलंस ते लोकांनी ऐकलं. त्यांचे कान चांगले होते."

ठोक्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खुंट्यानं तो झटकला नाही, पण जवळचा दोर उचलायला म्हणून वाकला, तेव्हा हात आपोआप खाली आला.

"एक विचारू?" खुंट्या गाठ मारता मारता म्हणाला. "कान गेलेत कळलं म्हणून आलास. शाबूत निघाले असते, तर मी चोरच राहिलो असतो ना?"

ठोक्याला हा प्रश्न लख्ख ऐकू आला. त्याच्याकडं उत्तर होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. त्यानं एक खोका उचलून गाडीपर्यंत नेऊन दिला. खुंट्यानं नव्या घराचा पत्ता सांगितला नाही आणि ठोक्यानं विचारायचं धाडस केलं नाही.

बारच्या मालकाकडं ते स्पीकर अजून पडून होते. ठोक्यानं ते मुकाट्यानं घेतले. पट्ट्या दाबल्या नाहीत, वास घेतला नाही. तळघरात ते कुठं ठेवायचे ते मुलीनं ठरवलं. कोपऱ्यात ठेवले तर नुसता गडगडाट होईल म्हणून तिनं ते भिंतीपासून पुढं ओढून घेतले, तिच्या कानाला बरं लागेल इतपत बारीक आवाज कमी-जास्त केला आणि म्हणाली, "चांगलं वाजतंय बाबा." मग ती वर गेली.

तो एकटा राहिल्यावर त्यानं आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. ढोल छातीवर आदळला, पायाखालची फरशी थरथरली. झांजा नव्हत्या. त्या कुठं पडतात ते त्याला पाठ होतं, म्हणून तो त्या जागी बोट उचलायचा.

बायको जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली. गुडघा धरून उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. अंधारात पुरते दिसले नाहीत. कानासाठी घेतलेलं यंत्र वर कपाटात होतं. त्यानं आवाज कमी केला नाही, आणि काय म्हणालीस असंही विचारलं नाही. तिचं बोलून झालं तेव्हा तिनं कठड्याला धरून पाठ वळवली आणि एकेक पायरी चढत वर निघून गेली.