बाजेतला खळगा

भाऊरावाने ओलं धोतर ओढून काढलं, तसे जनकाबाईने डोळे बारीक केले. परसात लिंबाखाली, पोत्यांवर, प्लास्टरचं एक पांढरंफटक धूड पडलं होतं. पाठ, कंबर, पोटाशी घेतलेले गुडघे. डोकं नाही, हात नाहीत.

"ओळख पाहू, माय."

"मेल्या रेड्याची पाठ आहे, दुसरं काय! पाच वर्षं मुंबईले हेच शिकला काय बे?"

भाऊराव हसला. धाकटा लेक मूर्तिकार झाला, आता देव घडवणार, असं तिने मोताळ्याच्या बाजारात सांगून ठेवलं होतं. आणि हा पठ्ठ्या लोकांच्या खुर्च्यांचे, पाटांचे, पाळण्यांचे ठसे घेत फिरत होता.

"बाबा आहेत," तो म्हणाला. "मागच्या खोलीत त्यायची बाज उभी होती. आडवी केली, तं मधात हा एवढा खळगा. माणूस जाऊन तीन वर्षं झाले, पण सुतळीनं त्यायले सोडलं नाही. धोतर आंथरलं अन् प्लास्टर ओतलं. मुंबईच्या प्रदर्शनात ठेवतो. खाली लिहीन, 'वडील'."

जनकाबाईने पोटाशी घेतलेल्या त्या गुडघ्यांकडे पाहिलं.

तिच्या नवऱ्याच्या, रंगरावाच्या बाजेला खळगा कधी पडलाच नव्हता. दर आठ दिवसांनी तो चौकटीला पाय लावून पायथ्याची दोरी आवळायचा. ज्वारीचा दाणा टाकला तर टणकन उडावा, अशी बाज. तिच्यावर तो उताणा, सरळ, मापून ठेवल्यासारखा झोपायचा. बायको बत्तीस वर्षं खाली, गोधडीवर. तो वारला तो शेतात, विहिरीच्या काठाशी, बाजेवर नाही, म्हणून बाज दानात न जाता घरात राहिली. तेराव्यानंतर जनकाबाईने ती स्वतः भिंतीला उभी केली आणि घरभर ऐकवलं, "धन्याची बाज आहे. कोणी बूड टेकवायचं नाही." थोरली सून चांगुणा सातव्या महिन्यात एकदा कंबर धरून टेकली होती. तिचा असा उद्धार झाला की आळीतल्या चार घरांनी हातातलं काम टाकून ऐकला.

आणि रोज दुपारी, जेवणं उरकली की, जनकाबाई जपाला म्हणून मागच्या खोलीत जायची. आतून कडी लावायची. बाज आडवी करायची. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजायची.

"हे काय आहे?" भाऊरावाने डाव्या कमरेशी बोट फिरवलं. तिथे पाचसहा गाठींचे टेंगूळ उठले होते. "सुतळी तुटली असंन, चिंधीनं बांधली कोणी. घासून टाकतो. पाठ साफ दिसंन."

जनकाबाईचा हात कमरेला गेला. तिथे किल्ल्यांचा जुडगा होता. तीन वर्षं तोच सुतळीला घासत होता.

चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने धुडाशेजारी परसात आणून ठेवलेल्या बाजेकडे पाहिलं. सुतळीत सासूच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या होत्या. मग तिने जुडग्याकडे पाहिलं, मग सासूच्या तोंडाकडे. जनकाबाईने मान ताठ केली. आता सून बोलेल. बोलू दे. इतक्या दिवसांचं साठलंय तिचं.

"मामाजींनंच मारल्या असतीन गाठी," चांगुणा म्हणाली आणि तांब्या खाली ठेवला.

भाऊरावाने कानस उचलली.

"ठेव ते," जनकाबाई म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? गाठीले हात लावू नको. बाकी लिहायचं ते लिह्य."

तिसऱ्या दिवशी ते धूड कडब्यात गुंडाळून बैलांच्या दमणीत चढलं. भाऊराव पाया पडला. नांदुऱ्याची गाडी गाठायची होती. जनकाबाई दमणी वळणाआड जाईपर्यंत ओट्यावर उभी राहिली. तिच्या पाठीचं वजन बैलांना जड जात होतं की काय, कोण जाणे. हळू चालले होते.

ती आत आली तेव्हा मागच्या खोलीत चांगुणा बाज उचलून भिंतीला लावत होती.

"राहू दे आडवी."

चांगुणाने बाज खाली ठेवली.

"बस."

"मी?"

"नाही तं कोण, गावची पाटलीन?"

चांगुणा अंग चोरून पायथ्याच्या काठावर टेकली.

"तिथं नाही," जनकाबाई खेकसली. "मधात."